प्लॉटरच्याच गटात

शनिवारी दुपारी दीड वाजता मी आईला म्हणाले, "पाच मिनिटं दे फक्त." दोन वाजेपर्यंत मी आईला तिच्याच कॉम्प्युटरमधून बाहेर काढलं होतं, स्वतः खुर्चीत अडकून बसले होते, आणि तिला यातलं अजून काहीच माहीत नव्हतं.

अडकून म्हणजे खरोखर अडकून हं. आमची कामाची खोली म्हणजे काचा लावून बंद केलेली बाल्कनी. लांब भरपूर, रुंद इतकीशी की दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं आडवं व्हावं. त्यात प्लॉटर ठेवलेला. प्लॉटर म्हणजे प्रिंटरचा थोरला भाऊ, पलंगाच्या चादरीएवढ्या रुंद कागदावर पेनानं रेघा ओढणारा. कागद झेलायला भिंतीला बिजागरीनं एक फळी लावली आहे. फळी वर केली की खोलीचं दार उघडत नाही. फळीच्या पलीकडे कॉम्प्युटर आणि खुर्ची, आणि खुर्चीत जो कोणी असेल तो कागद संपेपर्यंत कैदी. पाणीबिणी लागलं तर स्वयंपाकघराची जुनी खिडकी आहे, गजांची. तिच्यातून आई ग्लास देते. तुरुंगात भेटायला आल्यासारखी दिसते.

आई पॅटर्न करते. म्हणजे शर्टाचा पुढचा भाग, मागचा भाग, बाही, कॉलर, सगळ्याचे कागदी आकार, ज्यांवरून कारखान्यात कापड कापतात. चौदा वर्षं तिनं एका कारखान्यात हेच केलं. आठ महिन्यांपूर्वी ती बाहेर पडली आणि घरी स्वतःचं काम सुरू केलं. आठ महिने फुटकळ कामं आली: कुणाचा एक फ्रॉक, कुणाचे दोन एप्रन. आणि आता पहिली मोठी ऑर्डर आली होती, त्याच जुन्या कारखान्यातून. नर्सच्या गणवेशाचे सहा भाग, सात साइझमध्ये. सहा सत्ते बेचाळीस. ही ऑर्डर आणली होती कटिंग मास्तरांनी, आईच्या जुन्या सोबत्यांनी, मॅनेजरशी वाद घालून.

मास्तर पाच वाजता पॅटर्न न्यायला येणार होते. साडेपाचला कारखान्याचं गेट बंद, आणि सोमवारी सकाळी सातला कापडावर कात्री. पॅटर्न पोचले नाहीत तर काम चष्मेवाल्यांकडे. चष्मेवाले म्हणजे दुसरे पॅटर्नवाले, ज्यांचं नाव आमच्या घरात घेतलं जात नाही. "एकदा तिकडे गेलं की परत येत नाही," आई म्हणाली होती. हे तिनं भांडी घासता घासता, पाठमोरी असताना म्हटलं, म्हणून मला ते जास्तच लक्षात राहिलं.

बेचाळीस भाग काढायला प्लॉटरला सव्वा तास लागतो. म्हणजे पावणेचारला पहिली रेघ पडायलाच हवी.

शुक्रवारी रात्रीपर्यंत सगळं आलबेल होतं. फक्त प्लॉटरच्या जुन्या केबलची पिन तुटली. आईनं शनिवारी सकाळी नवी केबल आणली, वेगळ्या तोंडाची. ती जोडल्यावर कॉम्प्युटरनं प्लॉटरला ओळख दाखवली, पण कामाला लावायला गेलं की एकच वाक्य: परवानगी नाही.

मी शाळेतून आले तेव्हा आई केबल उलटसुलट करून बघत होती.

"दुकानदारानं फसवलं मला," ती म्हणाली.

"केबल ठीक आहे गं. तुझ्या खात्याला परवानगी नाहीये. तू सरक."

आता माझ्याबद्दल. महिन्याभरापूर्वी मी असं 'तू सरक' कुणालाच म्हटलं नसतं. वर्गात उत्तर येत असूनही मी बाकावरची रेघ नखानं खोल करत बसायचे. मग दोन आठवड्यांपूर्वी शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधली अकरा मशीन एकदम रुसली, बाईंनी हात टेकले, आणि मी मागच्या बाकावरून म्हणाले, "मी बघू का?" बघितलं, झालं. तेव्हापासून बाई मला शिक्षकांच्या खोलीत बोलावतात आणि माझे पाय काही जमिनीला लागत नाहीत. मी आता उत्तर येत नसलं तरी हात वर करते.

आमच्या घरी लिनक्स आहे. ताईनं टाकलं, ती इथे राहत होती तेव्हा. तिनं तीन खाती केली: तिचं, आईचं, माझं. लिनक्समध्ये कुठल्या खात्यानं कशाला हात लावायचा हे गटांवर ठरतं. सोसायटीसारखं. गच्चीची किल्ली एका गटाकडे, पाण्याच्या पंपाची दुसऱ्याकडे. ताईनं एक 'पॅटर्न' नावाचा गट केला. आईचे सगळे पॅटर्न ज्या फोल्डरमध्ये असतात ते त्या गटालाच उघडतं. त्यात ती आणि आई. मी नाही. ("तू त्यावर मिशा काढशील," असं ताईचं म्हणणं. मी तेव्हा नऊ वर्षांची होते आणि एकदा काढल्या होत्या.) आणखी एक मोठा गट, सुडो नावाचा. त्यात असलेल्या माणसाला पासवर्ड देऊन कॉम्प्युटरमध्ये काहीही बदलता येतं. त्यातही ताई आणि आई. आईचा पासवर्ड आईनंच मला सांगून ठेवलेला, कारण तिला सारखा चष्मा शोधायचा कंटाळा.

मी फोनवर शोधलं. सापडलं. नव्या केबलीसारख्या केबलींचा एक वेगळा गट असतो, त्या गटात आईला घातलं की काम फत्ते. एक ओळ लिहायची, बाहेर पडायचं, परत आत यायचं.

मी ती ओळ लिहिली. कॉपी नाही केली हं, आधी कागदावर आणि मग कॉम्प्युटरवर लिहिली, बघून बघून, ऐटीत. त्यांनी गटाच्या आधी एक डॅश, एक लहान ए आणि एक मोठा जी दिला होता. जी म्हणजे ग्रुप, हे मला कळलं. लहान ए कशाला ते कळलं नाही. मला वाटलं, असेल शोभेला. एकाच अक्षराचं काम दोन अक्षरांत कशाला? गाळला.

पासवर्ड टाकला. काहीच तक्रार नाही. बाहेर पडले, परत आत आले.

"आई, कागद चढव!"

आईनं कागदाचा रोल चढवला. तो सरळ बसवायला तिला वीस मिनिटं लागतात. इकडून ओढ, तिकडून बघ, जीभ दाताखाली. मग ती बाहेर गेली आणि मी आतून फळी वर केली. प्लॉटरला चाचणीचा चौकोन काढायला सांगितला.

घर्र. पेन उतरलं. चौकोन! इतका सुंदर चौकोन मी आयुष्यात पाहिला नव्हता.

"अगं काढला की!" खिडकीत आई. "माझी गुणाची बाय ती! आता बेचाळीसची फाइल उघड आणि दे सोडून. मी तोवर डाळ लावते."

मी पॅटर्नच्या फोल्डरवर क्लिक केलं.

फोल्डरवर छोटंसं कुलूप होतं. आधी नव्हतं.

परत क्लिक केलं. परवानगी नाही.

असू दे, म्हटलं, सुडोनं उघडू. आईचा पासवर्ड टाकला. आणि कॉम्प्युटरनं इंग्रजीत जे सांगितलं त्याचा अर्थ असा: हे खातं सुडोच्या यादीत नाही. या प्रसंगाची माहिती वर कळवण्यात येईल.

वर म्हणजे कुठे? मी खरंच छताकडे बघितलं. माझी पाचावर धारण बसली.

प्लॉटर हातात होता आणि पॅटर्न कुलपात. कुलूप काढायला सुडो हवा होता आणि सुडोची किल्लीच गेली होती. एका ओळीनं मी दोन्ही दारं लावून घेतली होती, आणि तिसरं, खरं दार, फळीनं बंद होतं. फळी खाली करायची तर कागद काढावा लागणार. कागद काढायचा तर आईला सांगावं लागणार.

"झालं का सुरू?" स्वयंपाकघरातून.

"हो, म्हणजे, अपडेट होतंय!"

"कशाचं?"

"आतलं!"



मी ताईला फोन लावला. ताई दुसऱ्या शहरात एका मोठ्या हॉलमध्ये काम करते, जिथे नुसते कॉम्प्युटर आणि गार हवा. आत जाताना फोन बाहेर लॉकरमध्ये ठेवतात. साडेचारला सुटते. मला हे पाठ होतं, तरी मी लावला. नऊ वेळा. नवव्या वेळी फोनवरची बाईसुद्धा वैतागल्यासारखी वाटली.

मग मी माझ्या खात्यातून आत गेले. माझ्या खात्याला वॉलपेपर बदलायची परवानगी आहे. बस. ताईच्या खात्याचा पासवर्ड अंदाजानं टाकून बघितला: तिच्या मांजरीचं नाव, मांजरीचं नाव आणि जन्मसाल, मांजरीचं नाव उलटं. चुकीचा, चुकीचा, चुकीचा.

अडीच वाजले.

फोनवर शोधत राहिले. एकानं लिहिलं होतं, काही काळजी करू नका, मशीन चालू होताना दुरुस्तीचा पर्याय निवडा, तिथे सगळं करता येतं. चला! मशीन बंद केलं, चालू केलं, दुरुस्ती निवडली. काळी स्क्रीन. त्यावर: मुख्य खातं कुलूपबंद आहे, आत सोडता येत नाही. पुढे जाण्यासाठी एंटर दाबा.

एंटर दाबलं. मुख्य खातं कुलूपबंद आहे. पुढे जाण्यासाठी एंटर दाबा.

दाबलं. तेच.

मी किती वेळा दाबलं ते सांगत नाही. काचांमधून ऊन थेट मानेवर येत होतं, खोलीत रबर तापल्याचा वास सुटला होता, समोर तो चौकोन. तो आता मला अजिबात सुंदर दिसत नव्हता.

तीनला आईचा फोन वाजला. तिनं तो खिडकीतून माझ्याकडे दिला, तिचे हात पिठाचे होते. "मास्तर आहेत. सांग, होतंय म्हणून."

"काय इंजिनीअरबाई!" मास्तरांचा आवाज मुळातच मोठा, त्यात मागे मशीनची खडखड. "निघाले का माझे बेचाळीस?"

"निघतायत, मास्तर."

"निघतायत म्हणजे निघाले का निघायचेत?"

"म्हणजे... निघण्याच्या वाटेवर आहेत."

"हे बघ पोरी, मी मॅनेजरसमोर छाती ठोकून सांगितलंय. तो चष्मेवाला इथंच येऊन बसलाय सकाळपासून, चहा पितोय फुकटचा. तुझ्या आईसारखा हात नाही त्याचा. बाहीचा गोलवा त्याला सात जन्मात जमायचा नाही. पण तो वेळेवर देतो. कळलं का?"

"कळलं."

"आईला दे."

"तिचे हात पिठाचे आहेत," मी म्हटलं आणि फोन ठेवला. मग गजांपलीकडे बघितलं तर आई तिथेच उभी होती. पिठाचे हात वर धरून, डॉक्टर ऑपरेशनच्या आधी धरतात तसे.

"अपडेट नाहीये ना?" ती म्हणाली.

मी मान हलवली. नाही.

"प्लॉटर बिघडला?"

"नाही. प्लॉटर मस्त आहे." आणि मग सगळं एकदम बाहेर आलं, नळाचा वॉशर उडाल्यासारखं. "तुझे पॅटर्न आत आहेत आई, सगळे आहेत, एकही गेलेला नाही, पण मी तुला बाहेर काढलं, मुद्दाम नाही, मला तुला आत घ्यायचं होतं आणि तू बाहेर गेलीस आणि आता कुणालाच आत जाता येत नाहीये आणि ताई फोन उचलत नाहीये आणि—"

"श्वास घे."

घेतला.

मला वाटलं, आता ओरडेल. ती हात धुवायला गेली. नळाचा आवाज किती वेळ येत होता! परत आली तेव्हा चष्मा लावून आली होती.

"तू काय लिहिलंस ते मला वाचून दाखव."

"तुला नाही कळणार ते."

"बयो, मी चौदा वर्षं दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या वाचून कापड कापवलंय. वाच."

मी कागदावर लिहून ठेवलेली ओळ वाचली. "आधी सुडो. म्हणजे, मोठ्या हक्कानं सांगते की. मग यूजरमॉड. म्हणजे खात्यात बदल कर. मग डॅश मोठा जी. म्हणजे गट. मग प्लॉटरच्या केबलीच्या गटाचं नाव. मग तुझं नाव."

"आता सगळं मिळून मराठीत."

"आईला प्लॉटरच्या गटात घाल."

"प्लॉटरच्या 'पण', का प्लॉटरच्या'च'?"

"काय?"

"अगं, प्लॉटरच्या पण गटात घाल, का प्लॉटरच्याच गटात ठेव?" आईनं गजांतून बोट आत घातलं. "एका वर्षी मी चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मोठ्या साइझला खिसा लावणे'. माझ्या मनात होतं, मोठ्यालासुद्धा. त्यांनी लावला मोठ्यालाच. तीनशे लहान शर्ट बिनखिशाचे गेले. तेव्हापासून मी 'पण' आणि 'च' लिहिल्याशिवाय चिठ्ठी सोडत नाही. मास्तर मला 'पणची बाई' म्हणायचे. तुझ्या ओळीत 'पण' कुठाय?"

मी फोनवरचं पान परत उघडलं. डॅश, लहान ए, मोठा जी. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं: लहान ए विसरू नका, नाहीतर आधीचे सगळे गट जातील.

"लहान ए," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. "लहान ए म्हणजे 'पण' होता. मी गाळला."

"का गाळलास?"

"मला वाटलं, शोभेला आहे."

आईनं कपाळावर हात मारला. ओल्या हाताचा ठप्पा उमटला. मग, शपथ घेऊन सांगते, ती हसली. थोडंसंच. "मोठ्या हक्कानं," ती पुटपुटली. "आता 'पण' घालून परत लिही."

"लिहायला सुडो लागतो आणि तू सुडोत नाहीस. तू फक्त प्लॉटरच्याच गटात आहेस."

ती हसायची थांबली. घड्याळात तीन वीस.

एक मार्ग होता. मी तो अडीच वाजताच वाचला होता आणि घाबरून पान बंद केलं होतं. मशीन चालू होताना जी सुरुवातीची यादी येते, तिच्यातली ओळ बदलायची, शेवटी काही शब्द जोडायचे, की मशीन कुठलंही खातं न विचारता सरळ आत घेतं. पासवर्ड नाही, काही नाही. जो मशीनसमोर बसलाय तो मालक. त्याच पानावर खाली तिघांनी लिहिलं होतं, माझं झालं, आभार. आणि चौथ्यानं लिहिलं होतं, माझं मशीन त्यानंतर चालूच झालं नाही.

हे मी आईला सांगितलं. चौथ्यासकट. गाळायचं मनात आलं होतं, पण आजचा गाळण्याचा कोटा संपला होता.

"म्हणजे पॅटर्न जाऊ शकतात?"

"नाही. बहुतेक नाही."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे मला माहीत नाही, आई."

दोन आठवड्यांत हे वाक्य मी पहिल्यांदाच इतकं स्पष्ट म्हटलं असेल. आई बघत राहिली. माझ्याकडे नाही, प्लॉटरकडे. त्या गणवेशाची बाही तिनं पाच वेळा बदलली होती. नर्सना हात वर करून सलाईन लावावं लागतं, बाही काखेत ओढायला नको, म्हणून. स्वतः माझ्या जुन्या शर्टावर शिवून, मला दहा वेळा हात वर करायला लावून. ते सगळं त्या कुलपाआड होतं. हातानं परत काढायचं म्हटलं तर चार दिवस.

"ताई साडेचारला येईल फोनवर," मी म्हणाले. "तिला सगळं नीट येतं."

"साडेचारला सुरू करून पावणेसहा होतात. गेट साडेपाचला बंद." तिनं पदराच्या टोकानं कपाळ पुसलं. "कर."

"आई, पण—"

"पॅटर्न माझे आहेत. मी सांगतेय ना, कर. मात्र एक. प्रत्येक अक्षर आधी मोठ्यानं म्हणायचं, मग दाबायचं. आणि शोभेचं समजून काही गाळायचं नाही."

मग सुरू झालं. मी खुर्चीत, आई गजांपलीकडे माझा फोन नाकाजवळ धरून. ती वाचायची, मी म्हणायचे, मग दाबायचे. कीबोर्डवर घामाचे ठसे उमटत होते. यादी आली. ओळ सापडली. शब्द जोडले. काळी स्क्रीन, भराभर पळणाऱ्या पांढऱ्या ओळी, आणि मग एकदम सगळं थांबून एक चिन्ह आणि लुकलुकणारी रेघ.

"काय म्हणतंय?"

"काहीच म्हणत नाहीये. वाट बघतंय."

मी आईला तिच्या गटांत परत घालायची ओळ लिहिली. या वेळी लहान ए सगळ्यात आधी. एंटर.

उत्तर: गटांची यादी कुलपात आहे, नंतर प्रयत्न करा.

"नंतर?" आई ओरडली. "नंतर कधी? सोमवारी?"

"मला विचारतेस!"

"मग कुणाला विचारू, चष्मेवाल्याला?"

मी रडकुंडीला आले होते. दार नाही, वेळ नाही, खुर्चीला मागे सरकायला जागा नाही. डोळे पुसायला हात उचलला तर कोपर काचेवर आपटलं. आईनं फोन अजून जवळ धरला, पान वर-खाली केलं.

"थांब. इथं तुझ्या ओळीच्या आधी एक ओळ आहे. ती आपण वाचलीच नाही. मीच खाली सरकवून टाकली वाटतं." ती अक्षर अक्षर लावून वाचायला लागली. "माउंट. डॅश ओ. रीमाउंट, स्वल्पविराम, आर डब्ल्यू..."

कळलं मला! या मागच्या दारानं शिरलं की मशीन सगळं दाखवतं पण हात लावू देत नाही. आधी त्याला सांगावं लागतं, आता लिहायचंही आहे. मी ती ओळ लिहिली, मोठ्यानं म्हणत. मग माझी ओळ परत. एंटर.

काहीच नाही. एक शब्द नाही. नुसती रेघ लुकलुकतेय.

"झालं?"

"तक्रार करत नाहीये."

"मघाशी पण केली नव्हती तक्रार," आई म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मशीन बंद केलं. चालू केलं. त्या अर्ध्या मिनिटात आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. चौथा माणूस माझ्या डोक्यात बसला होता. मग आईच्या खात्याचं चित्र आलं, मी पासवर्ड टाकला, आणि फोल्डरवर कुलूप नव्हतं.

बेचाळीसच्या बेचाळीस होते. मोजले.

पहिली रेघ पडली तेव्हा तीन बावन्न झाले होते. सात मिनिटं उशीर. आई भिंतीला टेकून खाली बसली असावी, कारण खिडकीत फक्त तिचा अंबाडा दिसत होता.

चार पस्तीसला ताईचा फोन. "नऊ मिस्ड कॉल? कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं. आई गेली होती, परत आली."

"काय?"

"गटांतून गं."

"लहान ए?"

"तुला कसं कळलं?"

"चिमणे, नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मी एका साहेबांना असंच बाहेर काढलं होतं. आईला दे."

आईनं फोन घेतला आणि म्हणाली, "तुझ्या बहिणीनं सोडवलं. आधी अडकवलं, मग सोडवलं. तू जेवलीस का?"

मास्तर पाचच्या आधीच आले. दार उघडेना म्हणून ते स्वयंपाकघरातून खिडकीशी आले, गजांतून आत बघितलं. "किती झाले?"

"छत्तीस," मी म्हटलं.

"मी बाहेर रिक्षा थांबवून ठेवलीय."

"मग बसा तिच्यात जाऊन," आई म्हणाली. "तुम्ही बघितल्यानं पेन लवकर चालणार नाही."

ते बसले नाहीत. सदतीस, अडतीस ते मोठ्यानं मोजत राहिले. बेचाळिसावा भाग पाच वाजून सात मिनिटांनी संपला. तो बाहीचाच होता, सगळ्यात मोठ्या साइझची बाही. आईनं मला कागद कापायला लावला, गुंडाळायला लावला, मग मी फळी खाली केली आणि दार उघडलं. मास्तरांनी गुंडाळी लहान बाळासारखी दोन्ही हातांत घेतली आणि जिन्यावरून ओरडले, "पोचलो की फोन करतो!" पाच सव्वीसला फोन आला. एकच शब्द: "आत."

मी उठले. चार तास त्या खुर्चीत होते, पाय मुंग्यांनी भरले होते आणि मला दुसऱ्या एका खोलीत जायची फार घाई होती. आई दारात आडवी उभी.

"लगेच ये. मला माझा पासवर्ड बदलायचाय."

"का गं?"

"का म्हणजे? सांगायचं कसं बदलतात ते, आणि सांगून झालं की भिंतीकडे तोंड."

मी आले, सांगितलं. आई माझ्या खुर्चीत बसली, मी कोपऱ्यात, नाक भिंतीच्या रंगाला टेकलेलं. मागे एक एक बटण. टक. बराच वेळ. टक.

"परत तोच टाक म्हणतंय."

"हो. खात्री करतंय."

टक. टक. मग काहीच नाही.

"दोन्ही जुळत नाहीत म्हणतंय."

"मी बघू का?"

"तू भिंत बघ," आई म्हणाली, आणि परत पहिल्यापासून सुरुवात केली.